उशीवाल्याची मान

उशीवाल्याची मान डावीकडे वळू लागली तेव्हा ते सगळ्यात आधी गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं, मग बायकोच्या, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या स्वतःच्या. त्याला वाटत होतं, दुकानच जरा उजवीकडे सरकलंय.

दुकान उशांचं होतं. गाद्या, रजया, लोड ही मंडळीही होती, पण ती पोटमाळ्यावर. खाली, नजरेच्या टप्प्यात, फक्त उशा. कापसाच्या, फोमच्या, मधे खळगा असलेल्या, लाटेसारख्या वरखाली होणाऱ्या, प्रवासात गळ्यात अडकवायच्या. दारावर पाटी होती, ‘तुमची मान, आमची जबाबदारी’. वडिलांच्या वेळी तिथे नुसतं ‘उशा मिळतील’ असं लिहिलेलं होतं. जबाबदारी ह्याने घेतली.

गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याला स्टुलावर बसवायचा, मागे उभा राहून दोन बोटांनी मान चाचपायचा, ‘हं’ म्हणायचा आणि मग जरा वेळ काहीच बोलायचा नाही. निम्मी विक्री या न बोलण्यातच व्हायची. मग विचारायचा, “डोकं दुखतं ना अधूनमधून?”

“नाही हो, डोकं नाही. गुडघा दुखतो.”

“तेच ते,” तो म्हणायचा. “उशी.”

आणि लोक घ्यायचे. त्याचा स्वतःचा या सगळ्यावर मनापासून विश्वास होता, ही गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. तो लबाड नव्हता. त्याला खरोखरच वाटायचं की माणसाच्या दुखण्यांचं मूळ शोधत गेलं तर शेवटी एक चुकीची उशी सापडते.

अशा माणसाची मान वळली.

आधी नुसती ओढ लागल्यासारखी वाटायची, कुणीतरी डावा कान धरून हळूच बोलावतंय तशी. मग ती वळायलाच लागली. तो सरळ करायचा, ती परत जायची. बोलताना जास्त, कुणी बघत असलं की त्याहून जास्त. दोनचार महिन्यांत अशी गत झाली की गिऱ्हाईक समोर उभं आणि उशीवाला बोलतोय तो डावीकडच्या भिंतीवरच्या घड्याळाशी.

एकदा एक नवराबायको आले. नवऱ्याने उशी दाबून बघितली, बायकोने उशीवाल्याला बघितलं. मग ती नवऱ्याच्या कानात कुजबुजली, पण तिची कुजबूज म्हणजे दुसऱ्याचं मोठ्याने बोलणं. “अहो, हे स्वतः इथलीच उशी घेत असतील ना?”

दोघं बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून समोरच्या फोमवाल्याकडे गेले. फोमवाल्याला मानेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याची स्वतःची मान सरळ होती.

उशीवाल्याने मग दुकानातल्या सगळ्या उशा स्वतःवर आजमावल्या. रोज नवी. कडक, मऊ, जाड, चपटी, दोन एकावर एक, एकही नाही. बायको मागच्या खोलीत शिलाई मशीनवर अभ्रे शिवायची. ती रोज सकाळी त्याच्याकडे नीट बघायची आणि परत सुईत दोरा ओवायला लागायची. शेवटी एके सकाळी म्हणाली, “दुकान संपलं. आता डॉक्टरकडे चला.”

गल्लीतल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि गळ्यात पट्टा बांधला. पट्ट्याचा एक फायदा झाला. लोक विचारायला लागले, “अपघात का हो?” आणि उशीवाला ‘हो’ म्हणायला लागला. उशा विकणाऱ्या माणसाला अपघात जास्त शोभतो. “कुठे झाला?” “जिन्यावर.” पुढे गिऱ्हाइकं पोटमाळ्याच्या जिन्याकडे अशा नजरेने बघायला लागली की वर चढून गादी बघायला कुणी तयार होईना. पट्ट्याच्या आतल्या आत मान मात्र वळतच राहिली, आणि हनुवटी घासून घासून तिथे लाल चट्टा पडला.

याच सुमाराला त्याची थोरली बहीण आली. ताईची मुलं मार्गी लागली होती आणि तिच्या घरात दुरुस्त करण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. ती दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि बॅग आत ठेवायच्या आधीच गल्ल्यावर जाऊन बसली.

“तू मागे बस,” तिने भावाला सांगितलं. “समोर बसलास तर लोक पाटी वाचतात आणि मग तुला वाचतात.”

“पाटी काढू का?”

“पाटी राहू दे. तूच आत जा.”

संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन ती त्याच्या मागे उभी राहिली. लहानपणी याची मोडलेली खेळणी तीच नीट करायची, म्हणजे पूर्ण मोडायची. तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि जोर लावून उजवीकडे फिरवलं. डोकं फिरलं. तिने हात काढले. दाराला स्प्रिंग लावलेली असावी तसं ते परत आलं.

“हट्टी आहे,” ताई म्हणाली. “तुझ्यासारखीच.”

बायको दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या इस्पितळात मेंदू आणि नसांच्या विभागातली वेळ घेतली.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला सावकाश होत्या. त्यांनी उशीवाल्याला चालायला लावलं, बसायला लावलं, डोळे मिटून डोकं सोडून द्यायला लावलं, आणि ते डोकं आपल्या वाटेने जाताना शांतपणे बघितलं. मग विचारलं, “कुठे हात लावला की बरं वाटतं का?”

उशीवाल्याने दोन बोटांनी आपली मान चाचपली. बायको म्हणाली, “जेवताना ते हनुवटीला एक बोट लावतात. तेवढा वेळ सरळ असतात.”

“मी लावतो?” उशीवाला म्हणाला.

“वर्षभर लावताय.”

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. त्यांनी समजावून सांगितलं की हे दुखणं मानेचं दिसत असलं तरी चूक मानेची नाही. मेंदूकडून स्नायूंना चुकीचे निरोप जातात, दोनतीन स्नायू उगाचच आवळत राहतात आणि डोकं ओढून नेतात. कशामुळे होतं ते बहुतेक वेळा कळत नाही. पूर्ण जात नाही, पण आटोक्यात ठेवता येतं.

उशीवाला पुढे सरकला. “म्हणजे उशीमुळे नाही?”

“उशीचा काही संबंध नाही.”

त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्याने बायकोकडे बघितलं, म्हणजे बघायचा प्रयत्न केला. ती उजवीकडे बसली होती. “मला तेवढं लिहून द्याल का?” त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं. “मोठ्या अक्षरांत. फ्रेम करतो.”

“देते की. पण मग खाली हेही लिहावं लागेल की उशीने बरंही होत नाही.”

 मग त्याला आठवलं. “पण झोपेत माझी मान अगदी सरळ असते. हिला विचारा. उशीवर डोकं टेकलं की सरळ.”

“असते,” बायको म्हणाली.

“झोपेत सगळ्यांचीच होते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दगडावर झोपलात तरी होईल.”

वीसबावीस वर्षांच्या धंद्याबद्दल इतक्या थोडक्यात कुणी कधी बोललं नव्हतं. बसने ते घरी आले. ताईने दारातच विचारलं, “काय म्हणाल्या?” तेव्हा बायकोने सांगितलं, “उशी निर्दोष आहे. त्याचंच वाईट वाटतंय.”

उपाय इंजेक्शनचा होता. आवळलेल्या स्नायूंतच थोडं थोडं औषध टोचायचं. त्याने ते सैल पडतात. आठवडा दीड आठवड्यात गुण दिसायला लागतो, तीनेक महिने टिकतो, मग उतरतो, मग परत टोचायचं. टोचायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्या मानेवर पेनाने खुणा केल्या. गादीवर टाके घालण्याआधी खडूने करतात तशा, असं उशीवाल्याच्या मनात आलं, पण दगडाचा विषय झाल्यापासून तो त्यांच्याशी धंद्याचं बोलत नव्हता. सुईला एक वायर होती आणि ती एका यंत्राला जोडलेली होती. सुई आत गेली की यंत्रातून आवाज यायचा. स्नायू निवांत असला तर काहीच नाही. आवळलेला असला तर रेडिओचं स्टेशन न लागल्यासारखी खरखर.

“हा बघा, हा एक,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खरखर त्याच्याच मानेतून येत होती. इतके दिवस लोकांच्या मानेवर बोटं ठेवून तो ‘हं’ म्हणत होता. आत एवढा गोंगाट असू शकतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

“पण तुम्ही उजव्या बाजूला का टोचताय?” त्याने विचारलं. “मान तर डावीकडे जाते.”

“पुढून डावीकडे ढकलणारा स्नायू उजवीकडेच बसलाय. त्याचा जोडीदार मागे, डावीकडे.”

“दोघांनी मिळून?”

“दोघांनी मिळून.”

पहिल्या वेळी मात्रा बेताची होती, त्यामुळे गुणही बेताचा आला. घड्याळाऐवजी तो आता घड्याळाशेजारच्या कपाटाशी बोलायला लागला. ताईने त्याला प्रगती मानलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मानलं, आणि त्याला व्यायामासाठी तळमजल्यावर पाठवलं.

तळमजल्यावर व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या. घरात त्यांचं नाव व्यायामबाई पडलं. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “घरी कुणी मालिश वगैरे करतं? झटका देऊन फिरवतं?”

“ताई.”

“ताईंना सांगा, नको. औषधाने स्नायू सैल आहेत तोवर आपण उलट्या बाजूचे हळूहळू मजबूत करायचे. ओढाताण करायची नाही. पट्टाही काढून ठेवा.”

त्यांनी त्याला आरशासमोर बसवलं. सरळ बघा म्हणाल्या. त्याने बघितलं. “हे सरळ नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी त्याचं डोकं दोन बोटांनी अलगद उजवीकडे आणलं. “हे सरळ.” त्याला ते साफ वाकडं वाटलं. रोज आरशासमोर बसून, वाकडं वाटणारं सरळ सहन करायचं, हा त्याचा मुख्य व्यायाम. त्याच्या जोडीला उजवीकडे नजर नेत डोकं फिरवायचं, तळव्याने गालाला हलका विरोध करायचा, मधे आडवं पडून विसावा घ्यायचा.

विसाव्याला त्यांच्याकडे ज्या उशा होत्या त्या बघून उशीवाल्याला राहवेना. त्याने चार दिवस खपून एक खास उशी तयार केली. कडा उंच, मधे खोल, मानेखाली आधार, अभ्रा बायकोने शिवलेला. ती त्याने व्यायामबाईंना भेट दिली. व्यायामबाईंना ती फार आवडली. पुढच्या वेळी त्याने पाहिलं, तर एक पेशंट आडवा पडला होता आणि ती उशी त्याच्या गुडघ्यांखाली होती.

“एकदम बरोबर बसते हो,” व्यायामबाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मात्रा वाढवली. दहा दिवसांनी सकाळी उशीवाला उठला आणि मान सरळ होती. पट्टीने आखल्यासारखी सरळ. त्याने आरशात बघितलं, बायकोला हाक मारली, ताईला हाक मारली, आणि दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गल्ल्यावर जाऊन बसला. ताई बाजूच्या स्टुलावर सरकली, पण तिथून उठली नाही.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग मान पुढे यायला लागली. वळत नव्हती, नुसती पडत होती, झोप आलेल्या माणसासारखी. वर उचलली की राहायची, लक्ष गेलं की परत छातीकडे. एक गिऱ्हाईक घासाघीस करत होतं. त्याने एक भाव सांगितला आणि उशीवाल्याचं डोकं खाली गेलं. गिऱ्हाइकाने उशी उचलली. “मान्य आहे ना?” उशीवाल्याने नाही म्हणायला डोकं वर घेतलं, ते परत खाली आलं. गिऱ्हाईक दोन उशा घेऊन गेलं. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी पसरली की उशीवाला फार नम्र झालाय.

रात्री जेवताना पाण्याचा घोट अडकला. तो खोकला. दुसरा घोट घेतला, तो नाकातून बाहेर आला. ताई हसली, मग तिने त्याचा चेहरा बघितला आणि हसायची थांबली. पावाचा तुकडा गळ्यात मधेच थांबला, वरही येईना, खालीही जाईना. तो दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसला. तो तुकडा गेला शेवटी, पण तो जाईपर्यंत टेबलाभोवती कुणी श्वास घेतला नाही.

बायकोने लगेच इस्पितळात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो श्वासाचा. श्वास घ्यायला त्रास, आवाज बदललाय, थुंकी गिळता येत नाही, असं काही? नव्हतं. तसं काही वाटलं तर क्षणभरही न थांबता इस्पितळात यायचं, नाहीतर सकाळी पहिल्या वेळेला या, त्या म्हणाल्या. सकाळी तपासून त्यांनी सांगितलं की पुढच्या स्नायूतलं औषध शेजारी गिळायच्या स्नायूंपर्यंत थोडं झिरपलंय. काही आठवड्यांत आपोआप उतरेल. तोवर मऊ खायचं, पाणीसुद्धा भुकटी घालून दाट करून घ्यायचं, हनुवटी खाली घेऊन, एका वेळी एकच लहान घास, आणि जेवताना बोलायचं नाही.

“हनुवटी खाली घ्यायला काही अडचण नाही,” उशीवाला म्हणाला.

कुणीच हसलं नाही, मग तोही हसला नाही.

ते आठवडे वाईट गेले. घरात तिघांच्या जागी दोघंच जेवत असल्यासारखं वाटायचं. बायको बटाटा कुस्करून द्यायची, सूप दाट करून द्यायची आणि समोर बसून प्रत्येक घास उतरताना त्याच्या गळ्याकडे बघायची. ताई दोन दिवस काहीच बोलली नाही, हे त्याला जास्त भीतीदायक वाटलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “सोडून दे ते इंजेक्शन. वाकडी तर वाकडी. गिळता तरी येत होतं.”

“मीही तेच म्हणतोय,” उशीवाला म्हणाला.

त्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर तो बायकोबरोबर नदीच्या बाजूच्या रस्त्याने फिरायला गेला. व्यायामबाईंनी चालायला सांगितलं होतं. मान हाताने धरून तो चालत होता. अर्ध्या रस्त्यात तो थांबला.

“तू माझ्या डावीकडे का चालतेस?”

“मग कुठे चालू?”

“लग्न झाल्यापासून तू उजवीकडे चालायचीस.”

“चालायचे.”

त्याने जरा आठवून बघितलं. झोपताना ती आता डावीकडे असायची. जेवायला डावीकडे. बसमधे डावीकडची खिडकी. इस्पितळात पहिल्या दिवशी ती उजवीकडे बसली होती, आणि तिथून घरी येताना डावीकडे.

“तुमचं तोंड जिकडे, तिकडे मी,” बायको म्हणाली. “रोज तुमच्या कानाशी काय बोलायचं?”

 तिने आजवर हे सांगितलं नव्हतं आणि त्याने पाहिलं नव्हतं, वास्तविक दिवसभर तो त्याच दिशेला बघत होता.

“मला भीती वाटली त्या दिवशी,” तो म्हणाला. “पाव अडकला तेव्हा.”

“मलाही.”

“परत नको वाटतं.”

“मग नका घेऊ,” बायको म्हणाली. “पण डॉक्टरीणबाईंना तोंडावर सांगून या. घरी बसून रुसू नका. त्यांना कळायला नको, चुकलं कुठे ते?”

तो सांगायला गेला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, कधी सुरू झालं, काय खाता आलं, काय नाही, वजन किती उतरलं. मग म्हणाल्या, “पुढच्या स्नायूतली मात्रा माझ्या अंदाजापेक्षा तुम्हाला जास्त झाली. ती निम्म्यावर आणते. मागच्याची जवळजवळ तशीच ठेवते, थोडी वेगळ्या जागी देते. मान पहिल्यासारखी आखीव सरळ येणार नाही कदाचित. पण जेवता येईल.” आणि पुढे म्हणाल्या, “नको असेल तर नको. तुमची मान आहे.”

त्यांनी सरळ आपल्याकडे चूक घेतली, याने उशीवाला जरा गडबडला. आपल्या दुकानात कुणी उशी परत आणली की तो गिऱ्हाइकाच्या झोपण्यात चूक काढायचा.

“द्या,” तो म्हणाला.

तिसरी वेळ बेताची जमली. मान अगदी मधे आली नाही, पण समोरच्या माणसाच्या उजव्या खांद्यापर्यंत आली. हनुवटीला बोट लावलं की चेहऱ्यापर्यंत. बोट लावून तो गल्ल्यावर बसला की फार विचारात पडल्यासारखा दिसायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा आपल्याच मानेचा विचार करतोय. विक्री वाढली. ताईला ते पटेना, पण गल्ला तीच मोजायची.

त्या खेपेचा गुण उतरत आला होता, मान परत घड्याळाकडे निघाली होती, तेव्हा पोस्टात काउंटरवर बसणारी एक बाई दुकानात आली. उशीवाल्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं होतं, जरा लवकर मिळेल का? त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. वरचेवर दिलं तर शरीर औषधाला ओळखायला लागतं, आणि मग ते लागूच पडत नाही. थांबा. म्हणून तो थांबला होता, आणि थांबलेला माणूस जसा असतो तसा, चिडून बसला होता.

पोस्टातली बाई दारातून आत आली ती उजवीकडे बघत. तिचं पाऊल आत आणि तोंड फोमवाल्याच्या दुकानाकडे. उशीवाल्याला आधी वाटलं, हिला तिकडेच जायचंय. मग ती स्टुलाजवळ येऊन थांबली आणि तरीही तिचं तोंड उजवीकडेच होतं. तिचा हात मानेमागे होता, डोकं धरून ठेवल्यासारखा.

दोघं एकमेकांसमोर उभे राहिले, तो आपल्या डाव्या भिंतीशी बोलत, ती तिच्या उजव्या. पण समोरासमोर उभ्या माणसांची डावी आणि उजवी भिंत एकच निघते. दोघंही घड्याळाकडेच बघत होते.

“सगळ्यात चांगली कुठली आहे तुमच्याकडे?” बाईने घड्याळाला विचारलं. “पैशाचं बघू नका. वर्ष झालं. काउंटरवर लोक चिडतात, म्हणतात, आमच्याकडे बघून बोला. साहेबांनी मागच्या खोलीत बसवलंय. पाटी वाचून आले.”

ताईने सगळ्यात वरच्या फळीवरची लाटेची उशी केव्हाच खाली काढली होती आणि तिच्यावरची धूळ झटकत होती. उशीवाल्याने ती घेतली. दोन बोटं पुढे झाली, सवयीने. बाईची मान त्याच्या बोटांखाली दोरखंडासारखी ताणलेली होती. त्याने ‘हं’ म्हटलं नाही.

“झोपेत सरळ असते का?” त्याने विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“उशीचा काही संबंध नाही,” तो म्हणाला.

ताईच्या हातातला फडका थांबला.

“नाही म्हणजे?”

“उशीने झालेलं नाही आणि उशीने जाणार नाही. माझ्याकडे बघा. म्हणजे, जमेल तेवढं बघा. या दुकानातल्या सगळ्या उशा मी झिजवल्यात.” मग त्याने तिला इस्पितळ सांगितलं, विभाग सांगितला, यंत्रातली खरखर सांगितली, व्यायामबाई सांगितल्या. नाकातून आलेलं पाणीही सांगितलं, कारण ते न सांगता बाकीचं सांगणं त्याला बरोबर वाटेना. “गिळायला जरा जरी जड वाटलं तर त्याच दिवशी फोन करायचा. लाजायचं नाही.”

बाई बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते नेमकं उशीवाल्याला दिसलं नाही; ताईला दिसलं. ताईने लाटेची उशी त्याच्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवली.

“बरं,” बाई शेवटी म्हणाली. “पण एक साधी उशी द्याच. कशावर तरी झोपावं तर लागेलच.”

ती गेल्यावर ताई म्हणाली, “अशाने दुकान चालत नसतं.”

“माहीत आहे.”

“उद्या गुडघेवाले आले तर त्यांनाही हेच सांगणार का?”

उशीवाल्याने विचार केला. “गुडघ्याचं मला अजून कुणी सांगितलेलं नाही,” तो म्हणाला.

त्याच आठवड्यात ताईने बॅग भरली. तिच्या धाकट्या मुलाने नवीन घर घेतलं होतं आणि तिथे बरंच काही दुरुस्त करायचं होतं. निघताना तिने भावाचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. तो जरा आक्रसला. पण तिने ते फिरवलं नाही. नुसतं धरलं, आणि सोडलं.

पाचव्या वेळी उशीवाला आणि बायको लवकर पोचले. बाहेरच्या खुर्च्यांवर गर्दी होती. भिंतीजवळ पोस्टातली बाई बसली होती. तिची ही दुसरी वेळ. उशीवाल्याला बघून, किंवा त्याच्या दिशेच्या थोडं पलीकडे बघून, तिने हात केला. ती सरकली आणि तिची उजवीकडची खुर्ची रिकामी झाली. उशीवाला तिथे बसला आणि बरोबर तिच्या तोंडासमोर आला. हे झालं तिच्या बाजूने. त्याची मानही तिच्याकडेच वळलेली होती. दोघं मान न ताणता एकमेकांकडे बघत बसले.

“कसं आहे?” त्याने विचारलं.

“काउंटरवर परत बसवलंय. अर्धा दिवस. तुमचं?”

“दीड महिना चांगला गेला. मग गेली परत. आता टोचलं की येईल.”

“कंटाळा नाही येत?”

“येतो,” उशीवाला म्हणाला. “गिळायला काही?”

“पहिल्या आठवड्यात घसा थोडा कोरडा. फोन केला मी लगेच.”

“बरं केलंत.”

बायको त्याच्या उजवीकडच्या खुर्चीवर बसली होती, कारण डावीकडे जागा नव्हती. तिने पर्समधून अर्धवट शिवलेला अभ्रा काढला आणि हाताने टीप घालायला लागली. आतून परिचारिकेने पोस्टातल्या बाईचा नंबर पुकारला. बाई उठून आत गेली. तिची खुर्ची रिकामी झाली.

उशीवाल्याने त्या खुर्चीवर हात ठेवला, दुसरं कुणी बसू नये म्हणून, आणि बायको टीप पूर्ण करून उठेपर्यंत तसाच धरून ठेवला.